कोपर अंगाला चिकटवून

धुळ्याच्या त्या इस्पितळात माझ्या खात्याची खोली एक्स-रेच्या मागे होती आणि तिथे लोक फक्त चुकून यायचे. कोणी तपासायची बाटली घेऊन यायचं, कोणी पट्टी बदलायला. एकदा एक गृहस्थ पंखा दुरुस्त करायला आले आणि खोलीत पंखाच नाही हे बघून माझ्यावर चिडले. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी तेवीस वर्षांची, नागपूरहून व्यवसायोपचाराची पदवी घेऊन आलेली, आणि धुळे-जळगाव या दोन जिल्ह्यांत हे काम करणारी, माझ्या माहितीप्रमाणे, एकटीच. वासरांत लंगडी गाय शहाणी म्हणतात. इथे वासरंही नव्हती.

काम समजावून सांगता सांगता माझं तोंड दुखायचं. हाड मोडलं, लकवा झाला, हात भाजला, तर डॉक्टर जीव वाचवतात, हाड जोडतात. पण मग त्या माणसाला स्वतःच्या हाताने जेवता यावं, वेणी घालता यावी, विळा धरता यावा, हे बघणारी मी. "म्हणजे मालिश," असं माझ्या मामाने एका शब्दात उरकलं होतं. जळगावला पिंप्राळ्यात आमचं घर. आई शाळेत शिक्षिका. ती शेजारणींना सांगायची, "हाडांची डॉक्टर आहे." मी दुरुस्त करायची नाही. तेवढाच मान.

धुळ्यात खोली शोधताना तीन घरं बघितली. दोन ठिकाणी चहा झाला, भाडं ठरलं, मग आडनाव विचारलं गेलं आणि खोली आधीच कोणाला तरी दिलेली असल्याचं त्यांना आठवलं. तिसऱ्या घरी मालकीणबाईंनी आडनाव विचारलं नाही, नंतरही फार काही विचारलं नाही. जिना बाहेरून होता. आठवड्यात माझ्याशी बोलणारी माणसं मोजली तर एका हाताची बोटं पुरायची, आणि त्यांतला एक दूधवाला होता.

अशा वेळी माणूस देवाचं करतो किंवा स्वेटर विणतो. मी माझे सांधे मोजायची. कॉलेजात घेतलेलं कोनमापक माझ्याजवळ होतं. दोन लांब पट्ट्या, मध्ये एक खिळा. खिळा सांध्यावर धरायचा, एक पट्टी न हलणाऱ्या हाडावर, दुसरी हलणाऱ्या हाडावर, आणि किती अंश ते वाचायचं. संध्याकाळी इस्पितळातून आले की मी डाव्या मनगटाचे अंश उजव्या हाताने मोजायची आणि वहीत लिहायची. ते रोज तेवढेच असायचे. मला काय वाटायचं, बदलतील? कोणास ठाऊक. पण वहीत काहीतरी लिहिलं की दिवस झाला असं वाटायचं.

संक्रांत झाल्यावर अक्का आली. नरडाण्याजवळच्या एका खेड्यातली, शेतकरी घरातली, साठीच्या अलीकडची. गोठ्यात पाय घसरला आणि पडताना उजवा तळहात टेकला. गावच्या हाडवैद्याने बांबूच्या कामट्या बांधल्या, हाड सांधलं, पण वाकडं. इस्पितळातल्या हाडांच्या डॉक्टरांनी तिच्या चिठ्ठीवर 'बघा काही होतं का' एवढंच लिहून तिला माझ्याकडे पाठवलं. चुकून न आलेला माझा हा बहुधा चौथा पेशंट असावा.

मी तिला हात पुढे करायला सांगितला. पालथा ठीक होत होता. उताणा करायला गेली की अंगठा आकाशाकडे येईपर्यंत वळायचा, मग जेमतेम थोडासा पुढे, आणि थांबायचा. ओंजळ होत नव्हती.

"काय करता येत नाही, अक्का?" मी पुस्तकातला पहिला प्रश्न विचारला.

"बठ्ठं करस मी," ती म्हणाली. बठ्ठं म्हणजे सगळं. "डाव्या हातवर बठ्ठं व्हस. पन माले आखाजीले मांडा करना शेतस."

मग तिने मला समजावलं, जणू मी परदेशातून आले होते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तिच्या तीनही लेकी माहेरी यायच्या. भावकीतल्या बायका आपापल्या लेकींना घेऊन तिच्याच अंगणात जमायच्या, आणि चुलीवरच्या पालथ्या खापरावर मांडे करायची ती अक्काच. लग्नातही तिलाच बोलावणं. गावात दुसऱ्या कोणाच्या हाताला ते साधलं नव्हतं, किंवा ती खापराशी असताना कोणी करून बघितलं नव्हतं.

मांडे मला माहीत होते, म्हणजे खाऊन माहीत होते. भल्यामोठ्या, रुमालासारख्या पातळ पुरणपोळ्या. आमच्या आईला शाळेतून वेळ नसायचा, आमच्याकडे साध्या तव्यावरच्या पोळ्या व्हायच्या. मांडे मी लग्नाकार्यात पानात वाढलेलेच पाहिले. ते हातावर करतात एवढं ऐकून होते. "होईल," मी म्हटलं. "आखाजीपर्यंत हात वळवून देते."

हा शब्द मी दिला. कोणी मागितला नव्हता.

आता थोडं हाताबद्दल सांगावं लागेल. कोपरापासून मनगटापर्यंत दोन हाडं असतात. हात उताणा असताना ती शेजारी शेजारी असतात. पालथा केला की एक दुसऱ्यावरून आडवं जातं. अक्काचं ते आडवं जाणारं हाड मनगटाशी वाकडं जुळलं होतं, म्हणून परत येताना अडत होतं. ते किती परत येतं हे मोजायचं तर कोपर काटकोनात वाकवून बरगड्यांना चिकटवून ठेवावं लागतं. कारण कोपर सुटलं की खांदा मदतीला धावतो, अख्खा दंड फिरतो, आणि मनगट वळल्याचा भास होतो. आमच्या मॅडम वर्गात म्हणायच्या, शरीर चोर आहे, त्याची चोरी पकडा. परीक्षेत मी ती चोरी हमखास पकडायची. मला त्यात पहिला नंबर होता.

मग मी अक्काची चोरी पकडायला बसले. ती हात उताणा करायला गेली की कोपर आपोआप बाजूला उचललं जायचं. मी म्हणायची, "अक्का, कोपर." ती जीभ चावून कोपर खाली घ्यायची. दहा वेळा सांगून झालं तेव्हा मी बाजेच्या नवारीचा एक तुकडा आणला आणि तिचा दंड छातीच्या पिंजऱ्याला बांधून टाकला. आता वळला तर फक्त हातच वळणार. घरी रोज अर्धा तास असंच बांधून करायचं, म्हणून नवार तिलाच देऊन टाकली.

ती मंगळवारी आणि शुक्रवारी यायची, शिरपूर-धुळे गाडीने. मला ते दोन वार आठवड्यातले खरे वार वाटायला लागले. ती येताना काहीतरी आणायची: मुठीएवढी वांगी, कळण्याची भाकरी, कधी नुसताच ठेचा. व्यायाम करता करता गावातलं सगळं सांगायची, कोणाची सून कशी, कोणाची म्हैस कशी. एकदा माझ्या केसांकडे बघून म्हणाली, "तेल लावत नही का कोणी तुले?" मी हसले आणि खिडकीपाशी जाऊन उगीच पडदा नीट केला. कोणी लावत नव्हतं. हे तोपर्यंत मला कोणी विचारलं नव्हतं, आणि ते विचारल्यावर इतकं लागेल असंही वाटलं नव्हतं.

अंश वाढत गेले. वीस, तीस, चाळीस. आलेखाच्या कागदावर मी लाल शाईने रेघ काढायची आणि कागद भिंतीला लावायची. इस्पितळाच्या विश्वस्तांपैकी एकजण महिन्यातून एकदा डोकावून 'इथे नक्की काय चालतं' असं विचारायचे, तेव्हा मी त्या रेघेवर बोट ठेवायची. पुस्तकात लिहिलं होतं की रोजच्या बहुतेक कामांना पन्नासेक अंश पुरतात. रोजची कामं म्हणजे दाराची मूठ फिरवणं, कुलपात किल्ली फिरवणं. अक्काच्या घराला कडी आणि कोयंडा असणार, मूठ कुठली, हे मनात येऊन मला हसूही आलं होतं. पण पन्नासवर मी लाल वर्तुळ केलं ते केलंच.

एका शुक्रवारी ती म्हणाली, "खांदा दुखस व माय. वर जात नही मनाजोगा."

मी कोनमापक धरून बसले होते. "आधी मनगट होऊ दे, अक्का," मी म्हटलं. "खांद्याचं नंतर बघू."

खांद्यासाठी माझ्या कोष्टकात रकाना नव्हता. हे आज लिहायला लाज वाटते, पण कारण तेवढंच होतं. तिने पुन्हा खांद्याचं नाव काढलं नाही. ती आज्ञाधारक बाई होती, आणि तिच्या लेखी मी डॉक्टरीण होते.

चैत्र संपता संपता पासष्ट अंश झाले. ओंजळ झाली. तिने नळाखाली दोन्ही हातांची ओंजळ धरली, पाणी भरून घेतलं आणि माझ्याकडे बघून लहान मुलीसारखी हसली. मी तिच्या कागदावर 'सुधारणा समाधानकारक' असं लिहिलं आणि खाली सही केली. ती सही मी जरा मोठी केली होती. मग ती म्हणाली, "आखाजीले ये. आठे धुळ्यामा एकटी काय करशी?"

ती गेली आणि पुढच्या मंगळवारी कोणी आलं नाही. मी रेघेचा कागद भिंतीवरून काढला, पुन्हा लावला. खरं सांगायचं तर मला क्षणभर वाटून गेलं की पासष्टला न थांबता ऐंशीपर्यंत नेलं असतं तर अजून महिनाभर ती आली असती.

आखाजीला सकाळच्या गाडीने मी गेले. नरडाण्याच्या फाट्यावर उतरून चालत. ऊन तेव्हाच चढलं होतं. गावात शिरताच लिंबाला बांधलेला झोका आणि त्याच्याभोवती माहेरवाशिणींचा कालवा. अक्काच्या अंगणात पंधरा-वीस बायका होत्या. कोणी आंब्याचा रस काढत होतं, कोणी पुरण वाटत होतं. मला पाहुणी म्हणून खाटेवर बसवलं. एका आत्याबाईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला आणि माझं आडनाव विचारलं. मी उत्तर द्यायच्या आत अक्का तिकडून म्हणाली, "मना हातनी डॉक्टरीण शे ती." आत्याबाईंनी पुढे काही विचारलं नाही. मला रडू येईल असं वाटलं, म्हणून मी पाणी पिऊन टाकलं.

मग अक्का खापरापाशी बसली. धाकटी सून कणीक आणि पुरण हाताशी द्यायला. बायकांचं बोलणं थोडं कमी झालं, कारण हात मोडल्यानंतरचा हा पहिला मांडा. अक्काने दोन पाऱ्यांमध्ये पुरण भरलं, कडा दाबल्या, पीठ लावून पोळी लाटली. इथपर्यंत ठीक. मग पोळी हातांवर घेतली.

आणि तेव्हा, आयुष्यात पहिल्यांदा, मी मांडे करणाऱ्या बाईच्या हातांकडे पाहिलं. पोळी हातांवर झेलत, एका हातावरून दुसऱ्या हातावर टाकत, फिरवत मोठी करायची असते. ती मनगटावर येते, मग कोपरापर्यंत, आणि दोन्ही कोपरं अंगापासून दूर, खांद्याच्या उंचीवर नेल्याशिवाय तिला पसरायला जागाच मिळत नाही. मांडा मनगट करत नाही. मांडा खांदा करतो.

अक्काचं उजवं कोपर बरगड्यांना चिकटलेलं होतं. हात उताणा, पालथा, उताणा, पालथा, अगदी मी शिकवला तसा, पासष्ट अंश. पोळी पसरत नव्हती. ती तशीच जाड खापरावर पडली. दुसरी पोळी हातावरच फाटली, पुरण खापरावर सांडलं आणि करपल्याचा वास अंगणभर झाला.

"अक्का, हात वर कर ना," मोठी लेक म्हणाली.

"नही," अक्का म्हणाली. "बाईनी सांगेल शे. कोपर अंगले चिटकाडीसन ठेवानं."

मी खाटेवरून उठले. पायात चप्पल घालायची राहिली, जमीन पोळत होती. तिच्याजवळ जाऊन बसले आणि म्हटलं, "अक्का, सोडा कोपर. उचला. हवं तेवढं वर न्या."

तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. खरोखर समजून घ्यायचं होतं तिला. "मंग तीन महिना मी हात बांधी काबरं ठेवा?"

मी तिच्या कोपराखाली हात धरला. तिने उचलायचा प्रयत्न केला. दंड अंगापासून वीतभर सुटला आणि मग खांदाच कानाकडे चढला. हात पुढे जाईना. सांधा आखडला होता. तो एका दिवसात आखडत नाही. पदराखाली काखेजवळ मला नवारीची कड दिसली. मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, रात्रंदिवस बांधूनच ठेवायची, फक्त मांडे करायच्या आधी जरा सैल केली. "अर्धा तासमा इतला गुण, त दिनभर बांधा त कितला येई!" हिशेब चोख होता. हिशेब करणाऱ्याला कोणी सांगितलं नव्हतं की हात मोकळाही सोडायचा असतो.

इतके महिने मी उंटावरून शेळ्या हाकत होते. तीन महिने ती दर खेपेला मांडा, मांडा म्हणत होती आणि मी एकदाही म्हटलं नाही की अक्का, टॉवेल घ्या हातावर आणि करून दाखवा. धुळ्याहून नरडाणा तासाभराची वाट. एका रविवारी, ज्या रविवारी मी माझं डावं मनगट मोजत बसले होते, त्या कुठल्याही रविवारी मी जाऊन तिचं खापर बघू शकले असते.

पुढचंही सांगून टाकते. त्या आखाजीनंतर पाऊस लागेपर्यंत मी दर रविवारी तिच्याकडे गेले. खांदा बराच सुटला. ती पुन्हा दोरीवर लुगडं वाळत घालायला लागली, देवळीतला डबा काढायला लागली. पण खापर तिने पुन्हा मागितलं नाही, आणि सुनेनेही ते परत देऊ केलं नाही. बायकांमध्ये अशा गोष्टी बोलून होत नाहीत.

त्या आखाजीला अंगणात पुढे जे झालं ते मी परत खाटेवर बसून पाहत होते. उन्हं वर आली होती, माणसं जेवायची होती, चूल पेटलेली होती. धाकटी सून इतकी वर्षं कणीक देता देता सगळं बघत आली होती. ती थोडी घाबरून अक्काकडे बघत खापरापाशी सरकली. अक्काने पाट सोडला. सुनेचा पहिला मांडा फाटला. दुसरा वाकडा झाला. तिसऱ्याला तिची दोन्ही कोपरं सहज वर गेली, पोळी तिच्या हातांवरून झुलत मोठी झाली आणि खापरावर अलगद बसली, आणि बायकांचं बोलणं पुन्हा सुरू झालं. एका लेकीने तर हसून टाळीच वाजवली, मग आईकडे बघून हात खाली घेतला.

अक्का अंगणाच्या मधोमध उभी होती. हातांना पीठ. ओट्यावर पुरुषांची पंगत बसायला लागली होती, लिंबाखाली लेकी, रसाच्या पातेल्याभोवती जावा, चुलीपाशी सून. लग्न होऊन या घरात आल्यापासून आखाजीच्या दिवशी ती खापराच्या पाटाखेरीज कुठे बसलीच नव्हती. ती एकेका घोळक्याकडे बघत होती. मी खाटेवर सरकून तिच्यासाठी जागा केली. ती जवळ आली, पण टेकली नाही. पिठाचे हात अंगापासून लांब धरून ती हळूच, मला एकटीलाच ऐकू येईल असं म्हणाली,

"आते सांग माय, मी कोठे बठू?"